फिरवलेली खुर्ची

त्या कार्यालयात एक पद्धत होती, आणि ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. समोर आपल्या ओळखीच्या माणसाचं काम आलं, की कीबोर्डवरचे हात उचलायचे, खुर्ची खिडकीकडे फिरवायची आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं. नियम एवढाच होता, की नात्यातल्या माणसाचं काम आपण तपासायचं नाही. खुर्ची फिरवण्याची जोड तिथल्या लोकांनीच त्याला दिली होती. खुर्ची फिरली, की शेजारचा काही न विचारता ते काम आपल्याकडे ओढून घ्यायचा. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसायच्या. कुणाचा मेव्हणा, कुणाची शेजारीण, कुणाचा जुना घरमालक, असं कुणी ना कुणी महिन्या-दोन महिन्यांनी यायचंच, आणि मग कुणीतरी टाक्या बघत बसलेलं असायचं.

कंपनीचं काम समजायला सोपं होतं. नळ गळतोय, पंखा बंद पडलाय, आजारी माणसाजवळ बसायला कुणी हवंय, मुलाला गणित शिकवायला कुणी हवंय, तर लोक फोनवरच्या ॲपमध्ये शोधायचे आणि माणूस घरी यायचा. काम करणाऱ्या प्रत्येकाचं ॲपवर एक पान असे: नाव, फोटो, काय येतं, किती वर्षं करतोय. पण पानावर कुणी काहीही लिहू शकतं. म्हणून सुरक्षा विभाग होता. पानावर खोटं काही आहे का, फोटो भलताच आहे का, कायद्याला लागतात ते दाखले आहेत का, हे बघायचं. सुतारापेक्षा वीजकाम करणाऱ्याचे दाखले जास्त, आणि मुलांजवळ जाणाऱ्याचे सगळ्यांत जास्त. शेवटी दार उघडणाऱ्याला बाहेर कोण उभं आहे हे ठाऊक नसतं. ते ठाऊक करून घेण्याचं काम ह्या विभागाचं.

ह्या विभागात ती होती. तिचा मामा तिला लहानपणापासून मासोळी म्हणायचा, म्हणून आपणही तेच म्हणू. ती काही पहिल्यापासून मासोळी नव्हती. लहानपणी पाणी बघितलं की ती पायरीला अशी चिकटायची, की सोडवायला दोघं लागायचे. मामा पोहायला शिकवायचा, तोच त्याचा धंदा आणि तेच त्याचं वेड. तिची भीती त्यानं घालवली आणि मग तिला ते नाव दिलं.

त्या दिवशी सकाळी तिच्यासमोर सारख्या फोटोंची रांग होती. दोन वेगळ्या पानांवर एकच फोटो असला, की संगणक आपोआप ती दोन्ही पानं शेजारी शेजारी आणून ठेवायचा. त्याचा हिशेब सरळ होता: ज्यानं फोटो आधी लावला तो खरा, नंतर लावला तो नकल्या. नकल्याचं पान तो तात्पुरतं थांबवायचा आणि शेवटचं बटण माणसानं दाबायचं. बहुतेक वेळा हिशेब बरोबर निघायचा. मासोळीनं चहाचा घोट घेतला आणि पुढची जोडी उघडली.

कंबरभर पाण्यात पाठमोरा उभा असलेला माणूस. त्याच्या हातात पांढरा सुती दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला, लाल टोपी घालून पालथं तरंगणारं एक मूल. काठावर फुटलेली निळी फरशी. आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याची धूसर सावली.

ती सावली तिच्या अंगठ्याची होती. तलावाच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून तिनंच तो फोटो काढला होता.

डावीकडचं पान हिरवं, म्हणजे चालू होतं: "मुलांना पोहणं शिकवतो. तुमच्या घरच्या किंवा वसाहतीच्या तलावावर येतो." नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. उजवीकडचं पान राखाडी, म्हणजे थांबवलेलं. त्यावर मामाचं नाव होतं.

हात उचलले गेले आणि खुर्ची फिरली, सगळं सवयीनं. समोर टाक्या.

शेजारी गप्प्या बसायचा. दिवसभर तोंड चालू असायचं, म्हणून उलट्या बाजूनं त्याला हे नाव पडलं होतं. तो चाकांची खुर्ची सरकवत आला.

"कोण गं तुझं?"

"मामा."

"अरेरे. बस तू. टाक्या मोज." त्यानं जोडी आपल्याकडे घेतली आणि वाचता वाचता पुटपुटू लागला. "एकाच माणसाचे फोटो... पाठमोरा आहे, तोंड काही दिसत नाही... डावीकडच्यानं तीन महिन्यांपूर्वी लावले. उजवीकडच्यानं गेल्या आठवड्यात. मग तर काय, सरळच आहे."

मासोळीला सगळं एकदम कळलं. दर वर्षी मामा आपलं पान धुऊन काढायचा. मोसम संपला की सगळे फोटो पुसायचे आणि पुढचा सुरू व्हायच्या आधी तेच फोटो नव्यानं लावायचे. कितीदा सांगितलं, की ह्याची काही गरज नाही. तो म्हणायचा, "तलावाचं पाणी बदलतो ना आपण? मग पान शिळं कशाला ठेवायचं?" कुणीतरी ते फोटो आधीच उचलून ठेवले होते आणि मधल्या काळात आपल्या पानावर लावले होते. मामानं स्वतःचे फोटो परत लावले, तेव्हा संगणकाच्या लेखी तोच नंतरचा ठरला. स्वतःच्याच फोटोंचा चोर.

पण खुर्ची फिरवली की बोलायचं नाही. एक शब्द जरी सांगितला तरी ती शिफारस झाली. आणि गप्प बसलं तर? गप्प्या बटण दाबणार, मामाचं पान कायमचं बंद होणार. तेही एक वेळ सोसलं असतं. पण डावीकडचं पान हिरवं होतं. ते ज्याचं होतं, तो कुणाच्या तरी लहान मुलाला घेऊन पाण्यात उतरणार होता, आणि तो कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थांब," ती टाक्यांकडे बघतच म्हणाली. "बटण दाबू नकोस."

"ए, बोलू नकोस! तुझ्यासोबत माझीही नोकरी घालवशील."

"तुला काही सांगत नाही. दाबू नकोस एवढंच. मी बाईंकडे जाते."

विभागाच्या प्रमुख बाईंची खोली टोकाला होती. बाई हसत नसत, आणि कुणी घाईनं आत आलं की आधी त्याला बसायला सांगत. मासोळी बसली.

"मॅडम, माझ्या मामाचं काम आलंय. मी खुर्ची फिरवली."

"मग बरोबर केलंत. इथे कशाला आलात?"

"साक्ष द्यायला. तपासायला नाही. तो फोटो मी काढलाय. मूळ फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये आहे. दुसरं पान कुणाचं आहे मला माहीत नाही, पण तो फोटो त्याचा नाही. आणि ते पान आत्ता चालू आहे. मुलांचं काम आहे, मॅडम."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग स्वतःच्या स्क्रीनवर ती जोडी उघडली, दोन ठिकाणी बोट टेकवलं, आणि डावीकडचं पानही राखाडी झालं.

"आधी दोन्ही बंद," त्या म्हणाल्या. "मग चौकशी. तुमच्या मामांचंही बंदच राहील, हे समजून घ्या."

"हो."

"आता बाहेर जाऊन जुना फोन आणायची व्यवस्था करा. आणि ह्या विषयावर मामांशी बोलायचं ते घरी, भाची म्हणून. कंपनी म्हणून नाही."

दुपारपर्यंत जुना फोन आला, मूळ फोटो जुळला आणि उलगडा झाला. डावीकडच्या माणसानं ॲपवर पहिल्यांदा नाव नोंदवलं होतं ते बागकामासाठी. बागकामाला लागणारे दाखले साधे, ते त्याचे तपासून झाले होते. मग त्यानं कामाचा प्रकार बदलून मुलांना पोहायला शिकवणं असा केला. नव्या कामाचे दाखले मागवले गेले, पण ते येईपर्यंत पान चालूच राहिलं, कारण पान आधीच हिरवं होतं आणि ते पुन्हा थांबवावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुंपण सगळीकडून भक्कम आणि एका जागी भगदाड, तशातली गत. दोन घरांनी त्याला बोलावलंही होतं. गप्प्यानं त्या दोन्ही घरी फोन केले. एका आईनं खूप प्रश्न विचारले. दुसरीनं एकच विचारला, "म्हणजे उद्या येणार होता तो कोण होता?" फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प्या नावाला जागला आणि खरोखरच गप्प बसला.

संध्याकाळी मासोळी घरी पोचली, तर मामा आधीच येऊन बसला होता. आई पोळ्या लाटत होती आणि भावाची समजूत काढत होती.

"दादा, जरा दम खा. ती आत्ता तर येतेय."

"दम खाऊ? सोमवारपासून मोसम सुरू. आता कोण तलावावर येऊन विचारतं? सगळे फोनवर बघतात. फोनवर मी नाही, म्हणजे मी मेलो! आली का साहेबीण? ये. तुझी कंपनी मला पाण्यात बघायला लागलीय."

"मामा, हात-पाय तरी धुऊ दे."

"धू. आणि मग एक बटण दाब. तू तिथेच बसतेस ना? एका बटणाचं काम."

"मला तुझं काम बघायची परवानगी नाही. माझा मामा आहेस म्हणून."

"वा! म्हणजे परका असतो तर बरं होतं. ऐकतेस का गं, हिला मी खांद्यावर बसवून पाण्यात नेलं..."

"ऐकतेय," आई म्हणाली. "गेली वीस वर्षं ऐकतेय."

मासोळी ताट घेऊन त्याच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. फोटो, अंगठ्याची सावली, बागकाम, दोन घरं. मामा आधी मध्ये मध्ये बोलत होता, मग बोलायचा थांबला. लाटण्याचा आवाजही थांबला.

"पोहता येत होतं त्याला?" मामानं विचारलं.

"माहीत नाही."

"कुणाचं पोर गेलं होतं का पाण्यात?"

"नाही. उद्या जाणार होतं."

मामानं पंजानं तोंडावरून हात फिरवला. "माझ्या दोराचा फोटो बघून बोलावलं असेल त्यांनी. दोर बघितला की आईबापांना धीर येतो. माझा दोर दाखवून..." मग तो म्हणाला, "बरं, तो गेला ना? मग माझं चालू करा आता. चोरी माझी झाली आणि शिक्षाही मलाच, असं कसं?"

आता अवघड भाग होता. मासोळीनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"बाईंनी तुझं पान उघडून बघितलं तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. तुझ्या जीवरक्षकाच्या दाखल्याची मुदत संपलीय. आजच कंपनीकडून तसा निरोप आलाय, बघ फोनवर. मुलांना शिकवणाऱ्याचा तो दाखला चालू नसला, तर कायद्यानं पान उघडता येत नाही. नव्यानं परीक्षा द्यावी लागेल."

"परीक्षा? मी?" मामा उभाच राहिला. "अख्ख्या गावची पोरं मी तरंगवली! परीक्षा कोण घेणार माझी? कालचं पोर?"

"घेईल ते घेईल."

"आणि तू हे मला तोंड वर करून सांगतेस?"

"तुझ्याकडूनच शिकले," मासोळी म्हणाली. "आठवतंय? सगळी पोरं खोल पाण्यात गेली होती आणि मी एकटी उथळ भागात रडत होते. तरंगून दाखवल्याशिवाय खोलात जायचं नाही, हा तुझा नियम. आई काठावरून ओरडत होती, की अरे, भाची आहे तुझी, जाऊ दे तिला इतरांबरोबर. तू काय म्हणालास?"

मामा दाराशी जाऊन चपला शोधू लागला.

"म्हणालास, पाण्याला नाती कळत नाहीत."

"ते तेव्हा," मामा म्हणाला.

"दादा, जेवून तरी जा," आई म्हणाली. पण त्यानं चपला घातल्या होत्या. जाताना दार आपटलं नाही, अगदी हळूच ओढून घेतलं. ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं. आईनं मुलीच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "वाकडं बोलली नाहीस. पण आता तो फोन उचलायचा नाही, बघ."

तसंच झालं. सोमवार आला आणि गेला. मामानं फोन उचलला नाही. मासोळी कामावर जात होती, पानं तपासत होती. दरम्यान बाईंनी एक बदल करून घेतला: कामाचा प्रकार बदलला, की नवे दाखले येईपर्यंत पान आपोआप झाकलं जायचं. विभागात सगळ्यांनी मान डोलावली. मासोळीनंही डोलावली, पण तिचं मन मामाच्या तलावावर होतं. तिथे मोसम सुरू झाला असेल आणि काठावर मामा एकटा बसला असेल, दोराचं वेटोळं शेजारी ठेवून.

मग एका सुट्टीच्या सकाळी दाराची घंटा वाजली. मामा उभा होता. काखेत एक जाड उशी.

"नापास झालो," तो म्हणाला आणि आत आला.

आईनं तोंडाला पदर लावला. हसू लपवायला, की दुसरं काही लपवायला, कळलं नाही.

"पोहणं झालं, ओढून आणणं झालं, तिथे कुणी बोट दाखवणार नाही. पण बुडालेल्याच्या छातीवर दाब द्यायचा असतो ना, त्यात गेलो. बाहुल्यावर करायचं होतं. ती शिकवणारी पोरगी म्हणते, 'काका, तुम्ही कुरवाळताय. जोर लावा.' आमच्या वेळी हळू शिकवत होते, बरगडी मोडेल म्हणून. आता म्हणतात, मोडली तर मोडू दे, जीव वाचतोय ना." त्यानं उशी जमिनीवर टाकली. "पुन्हा बोलावलंय. मासोळे, बस इकडे. मी दाबतो, तू मोज. चुकलो तर सांग. गोड बोलू नकोस."

मासोळी गुडघे टेकून समोर बसली. मामानं हातावर हात ठेवला, कोपरं ताठ केली आणि दाबायला लागला. ती मोजत होती. मध्येच ती म्हणाली, "कोपर वाकलं."

"नाही वाकलं."

"वाकलं, मामा."

"वाकलं," मामा म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

सकाळभर हेच चाललं. आई दोनदा चहा घेऊन आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "माझी उशी आहे ती. तिचा जीव वाचला तर मला परत हवीय." मामा घामाघूम होऊन हसला. निघताना त्यानं भाचीच्या डोक्यावर टपली मारली. पानाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मासोळीच्या समोर एक पान आलं. नवा दाखला, नवे फोटो, पुन्हा उघडण्याची विनंती. नाव वाचून झालं आणि तिनं हात उचलले. खुर्ची फिरली. टाक्या.

गप्प्या सरकत आला. "हेच का ते?" त्यानं काम ओढून घेतलं. मुलांना शिकवणाऱ्याचं पान उघडण्याआधी त्या माणसाला समोर बघून बोलायचं असतं. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. मासोळीच्या पाठीमागून मामाचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत, जणू पलीकडच्या काठावरच्या कुणाला हाक मारतोय.

"हॅलो! दिसतोय का मी?"

"तुमचं कपाळ दिसतंय, काका. फोन जरा खाली घ्या. हां. दाखला कॅमेऱ्यासमोर धरा."

"हा घ्या."

"उलटा आहे."

"थांबा. आता?"

"आता सरळ. तारीख दिसली. जीवरक्षक दाखला, बरोबर. पोलिसांचा पडताळणीचा कागद... तोही आहे." कीबोर्ड वाजला. "काका, एक फोटो काढावा लागेल. तिसरा. त्यात मुलीचा चेहरा दिसतोय."

"अहो, तिच्या आईवडिलांनीच सांगितलं लावा म्हणून! पहिल्यांदा दोराशिवाय तरंगली ती, त्याच दिवसाचा फोटो आहे. बघा कशी हसतेय!"

"छान हसतेय. तरी काढावा लागेल. मुलांचे चेहरे पानावर नाहीत, कुणी हो म्हटलं तरी नाही. फोटो कुठून कुठे जातात, तुम्हाला कुणी सांगायला नको."

समोरच्या गच्चीवर एक माणूस टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत होता.

"बरोबर आहे," मामाचा आवाज आला. "काढतो. कसा काढायचा ते सांगा. आणि हे बघा, बाकीचे फोटो पुसून परत लावायचे नाहीत ना?"

"देवाशप्पथ नाही, काका. आहेत तसे राहू द्या. दहा वर्षं राहू द्या."

थोडी टकटक झाली, मग कॉल संपल्याचा आवाज. गप्प्यानं फक्त तिच्या खुर्चीच्या पाठीवर बोटानं दोनदा ठोकलं. म्हणजे काम झालं, फिरलीस तरी चालेल. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती वळली तेव्हा तिच्या स्क्रीनवर कुलूप दुरुस्त करणाऱ्या एका बाईचं पान येऊन थांबलेलं होतं.

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आतच मामाचा फोन आला.

"उघडलं!" तो म्हणाला. "दुपारपासून तीन आयांनी विचारलंय. आणि ऐक, तुमच्याकडे एक पोरगा आहे. मला अर्धा तास उभं केलं त्यानं. माझा सगळ्यांत चांगला फोटो काढायला लावला. भलता कडक आहे."

"हो का?" मासोळी म्हणाली.

"सोडू नका त्याला. असाच माणूस हवा तिथे." पाण्याचा छपछप आवाज येत होता, कुणीतरी मूल मामाला हाक मारत होतं. "कोण आहे गं तो? ओळखतेस?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते."